जिनोआत उतरलात तर आल्बेर्गो कसे बघायचे

जहाज इटलीतल्या जिनोआला लागलं आणि चार-पाच तासांची शोअर लीव्ह मिळाली, की आमची पोरं सिमकार्ड घेतात, पिझ्झा खातात आणि परत येतात. पिझ्झा खा, पण आधी पियाझ्झा सान मात्तेओ या चौकात जा. पालाझ्झो दुकालेच्या, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या मागेच आहे. सेफ्टी शूज घालून जाऊ नका, गल्ल्या चढ-उताराच्या आहेत.

बघायचं काय, तर आल्बेर्गो. मध्ययुगात इथली उमराव घराणी गट करून राहायची. आडनाव एक, चौक एक, चर्च एक आणि मारामारीत बाजूही एकच. भावकीच म्हणा ना, फक्त रक्ताची अट नाही. परकं घर करार करून आत यायचं आणि आपलं आडनाव टाकून गटाचं लावायचं.

चौकाच्या मधोमध उभं राहून एक गिरकी घ्या. भोवती दोरिया या अशाच एका घराण्याची घरं, आणि 1125 मध्ये मार्तिनो दोरियाने उभारलेलं त्यांचं चर्च. 1278 मध्ये ते नव्याने बांधलं. दर्शनी भिंतीवर काळ्या-पांढऱ्या दगडाचे आडवे पट्टे आहेत. लोक त्यांच्यासमोर सेल्फी काढतात आणि निघतात. तुम्ही जवळ जा. पांढऱ्या पट्ट्यांवर लॅटिन मजकूर कोरलाय. लॅटिन येत नसेल तर नुसते रोमन आकडे शोधा. ती लढायांची सालं आहेत: जिनोआने 1284 ला मेलोरियापाशी पिसाचं आरमार मोडलं, 1298 ला कुर्झोलापाशी व्हेनिसचं. लढलं अख्खं शहर, नोंद मात्र एका घराण्याच्या चर्चवर! कुर्झोलाचा सेनापती लांबा दोरिया याच भिंतीत आहे, एका जुन्या रोमन शवपेटीत.

तिथून सांता मारिया दी कास्तेल्लो या चर्चच्या दिशेने चालू लागा. वाटेत घरांच्या तळमजल्यांवर नजर ठेवा. बुजवलेल्या कमानी दिसल्या तर बहुधा तिथे लॉज्जा, म्हणजे घराण्याची उघडी बैठक होती. सौदे आणि सल्लामसलत तिथेच चालायची. पुढे एम्ब्रियाची घराण्याचा मनोरा लागतो, सुमारे 41 मीटर उंच. वर बघताना मान दुखते.

जुस्तिनियानी हे नाव दिसलं की थांबाच. आमच्या थर्ड इंजिनिअरने विचारलं होतं, "सर, हे सगळे भाऊभाऊ का?" अजिबात नाही. एजियन समुद्रातल्या कियॉस बेटाचा कारभार आणि तिथल्या मस्तकीचा, म्हणजे झाडाच्या सुगंधी डिंकाचा व्यापार हातात असलेल्या भागीदारांनी 1362 मध्ये हे एक नाव घेतलं. कंपनीचंच कुटुंब झालं म्हणायचं. बेट 1566 पर्यंत त्यांच्याकडे होतं.

संग्रहालयात नावं वाचताना साल आधी बघा. 1528 मध्ये आरमाराचा सेनानी आंद्रेआ दोरिया याच्या सुधारणेने सगळे उमराव 28 आल्बेर्गोंत बसवले. शहरात ज्याची निदान सहा नांदती घरं असतील त्याच घराण्याला स्वतंत्र आल्बेर्गो, बाकीच्यांनी कुठेतरी सामील व्हायचं. आदोर्नो आणि फ्रेगोसो या एवढे डोजे, म्हणजे प्रजासत्ताकाचे प्रमुख, देणाऱ्या घराण्यांनासुद्धा वेगळा मिळाला नाही. माझ्या मते हे मुद्दामच केलेलं. 1576 मध्ये ही पद्धत मोडली आणि लोक मूळ आडनावांवर परतले. म्हणून मधल्या 48 वर्षांतला 'दोरिया' किंवा 'स्पिनोला' दिसला, तर तो जन्माने त्या घरचा असेलच असं धरू नका. शेजारी दुसरं आडनाव लिहिलंय का, ते तपासा.