आयटी आणि सायबर सुरक्षेचं बजेट: नागरी बँकांनो, या चुका टाळा

जानेवारी उजाडला की नागरी सहकारी बँकांमध्ये अंदाजपत्रकाची धावपळ सुरू होते. पगारवाढ, एनपीएची तरतूद, नवी शाखा यांवर संचालक मंडळात तास न् तास चर्चा रंगते. आयटीचं पान आलं की मात्र गेल्या वर्षीचा आकडा, त्यावर दहा टक्के, आणि विषय मंजूर! बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. गेल्या वर्षी किती खर्च झाला एवढंच तो आकडा सांगतो. यंदा कशाची मुदत संपणार आहे, हे त्यातून कळत नाही.

यादी न करता आकडा ठरवणं

आधी एक्सेलमध्ये साधी यादी करा: प्रत्येक संगणक, सर्व्हर, फायरवॉल (बाहेरून येणारे धोके अडवणारं यंत्र), लायसन्स, आणि त्यापुढे सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे अपडेट आणि मदत, संपण्याची तारीख. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काउंटरवर अजून तेच चालू असेल तर संस्थांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलरला मिळतात. हा दर दरवर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनंतर तीही सोय बंद. म्हणजे जुना संगणक ‘चालतोय ना’ म्हणून ठेवणं फुकट पडत नाही. माहितीसाठा सांभाळणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर २०१६ या सॉफ्टवेअरची मुदत १४ जुलै २०२६ ला आणि विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७ ला संपते. दोन्ही तारखा २०२६-२७ याच वर्षात येतात, त्यामुळे तरतूद आत्ताच हवी.

यंत्रं घेतली, पण लक्ष कोण ठेवणार?

माझ्या मते ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला आठवा. ११ ऑगस्टला चोरट्यांनी एटीएम व्यवहारांसाठी बनावट स्विच, म्हणजे एटीएमला बँकेच्या प्रणालीशी जोडणारी यंत्रणा, उभा केला. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही. बनावट स्विचच परस्पर ‘मंजूर’ म्हणत राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्गे जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी.

आता कॅलेंडर बघा. ११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. तुमच्या बजेटमध्ये रविवारी रात्री अलर्ट बघणाऱ्या माणसाचा खर्च आहे का? स्वतःची टीम परवडत नसेल तर चोवीस तास देखरेख करणारी सेवा घ्या, पण ‘फायरवॉल खरेदी’ या हेडखाली तिला झाकू नका. वेगळी ओळ लिहा, म्हणजे पैसे वाचवताना ती गुपचूप कापली जाणार नाही.

फायरवॉलचंही तसंच. सबस्क्रिप्शन संपलं तरी डबा सहसा चालूच राहतो, दिवेही लुकलुकतात. नव्या धोक्यांची माहिती मात्र येणं थांबतं. शाखेत कुणाला पत्ताही लागत नाही.

लॉग आणि बॅकअपचा खर्च विसरणं

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. सहा महिन्यांचे लॉग साठवायला जागा लागते, आणि जागेला पैसे लागतात. बॅकअपच्या बाबतीत फक्त ‘घेतला’ एवढ्यावर समाधान मानू नका. वेगळ्या सर्व्हरवर तो परत उभा करून बघण्याचा खर्च धरा, वर्षातून निदान दोनदा.

व्हेंडरचा धोका आपला नाही असं मानणं

जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या व्हेंडरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून त्यांना काही काळ किरकोळ पेमेंट जाळ्यातून वेगळं ठेवलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांची सेवा अडली. त्या बँकांचे स्वतःचे संगणक ठणठणीत असूनही ग्राहकाचं यूपीआय चालेना. म्हणून व्हेंडरच्या सुरक्षा तपासणीचा खर्च बजेटमध्ये घाला, आणि नूतनीकरणाच्या वेळी घटना कळवण्याची मुदत करारात लिहून घ्या.

कोटेशनचा आकडा तसाच उचलणं

कोटेशनच्या तळाशी ‘जीएसटी वेगळा’ असतं. १८% जीएसटी धरला तर १०० चे ११८ होतात. इनपुट क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) ५०% पर्याय निवडलेल्या बँकेला त्यातले ९ परत मिळतात. खरा खर्च १०९. दहा लाखांच्या खरेदीत हा फरक ९० हजारांचा आहे. वार्षिक देखभालीचं, म्हणजे एएमसीचं, कोटेशनही डिसेंबरमध्येच मागवा, एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन्ही दर घ्या. करार ३१ मार्चला संपत असेल, तर २५ मार्चला भाव करायला बसलेल्या बँकेला व्हेंडर दर उतरवून देत नाही.