बोनेरला स्कूबा डायव्हिंगची सुट्टी कशी आखावी

कॅरिबियनमध्ये डायव्हिंगला कुठे जावं, असं कुणी विचारलं की मी बिनदिक्कत बोनेरचं नाव सांगतो. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवरचं हे नेदरलँड्सच्या ताब्यातलं छोटं बेट. इथे बोटीच्या वेळापत्रकावर दिवस बांधावा लागत नाही. पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात, प्रत्येकावर एकेका डाइव्ह साइटचं नाव. गाडी उभी करायची, सिलिंडर पाठीला लावायचा आणि पाण्यात उतरायचं. थोडं पोहून गेलं की प्रवाळाची उतरण सुरू होते. १९७९ पासून किनाऱ्यापासून ६० मीटर खोलीपर्यंतचा समुद्र मरीन पार्क म्हणून राखलेला आहे. बोटींना नांगर टाकायची परवानगी नाही, त्या कायमच्या बोयांना बांधतात.

पण या मोकळिकीचा अर्थ असा, की पाण्यात सोबतीला गाइड नसतो. तुम्ही आणि तुमचा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, बस्स. म्हणून इथल्या सहलीची आखणी तिकिटापासून करू नका, स्वतःपासून करा.

१. आधी लायसन्स, मग तिकीट

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला बऱ्याच जणांनी एकदा डाइव्ह केलेली असते. तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. ओळख म्हणून ते उत्तमच, पण ते सर्टिफिकेशन नव्हे. बोनेरला सिलिंडर भाड्याने घेऊन स्वतंत्र उतरायचं तर किमान ओपन वॉटर कोर्स हवा. त्यात थिअरी, पूलमधला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात, आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स केला की मर्यादा ३० मीटर होते.

हा कोर्स तारकर्लीच्या एमटीडीसी केंद्रात, अंदमानात स्वराज द्वीपला म्हणजे जुन्या हॅवलॉकला, किंवा पुद्दुचेरीला होऊ शकतो. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे ऑक्टोबर ते मे एवढाच काळ हाताशी धरा. अमेरिकेत राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. थिअरी आणि पूल हिवाळ्यात न्यू जर्सीत उरकायचा आणि रेफरल, म्हणजे उरलेला कोर्स दुसरीकडे पुरा करायची चिठ्ठी, घेऊन समुद्रातल्या चार डाइव्ह बोनेरला करायच्या. माझं मत विचाराल तर कोर्स पुरा करूनच जा, नाहीतर सुट्टीचे पहिले दिवस परीक्षेत जातात. शक्य असेल तर वर आणखी काही डाइव्ह करून घ्या. तळाला न टेकता एका जागी तरंगता येणं, हे कोर्सच्या चार डाइव्हमध्ये क्वचितच अंगवळणी पडतं. मध्ये मोठा खंड पडला असेल तर रिफ्रेशर हवाच.

वैद्यकीय फॉर्म आधीच वाचून ठेवा. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन अशा काही प्रश्नांना ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती घरून घेऊन निघा. तिथे पोहोचल्यावर अडकलात तर सही मिळेपर्यंत पाण्यात उतरू देणार नाहीत.

२. तारखा

कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. बोनेर या वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्याने इथे वर्षभर डायव्हिंग चालतं. तरी दूरच्या वादळाच्या लाटा कधी कधी शांत पश्चिम किनाऱ्यावर येतात. १९९९ मध्ये लेनी वादळाने उथळ पाण्यातल्या प्रवाळाची मोठी हानी केली होती. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. पाणी २६ ते २९ अंश, म्हणजे ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो.

तारखा थोड्या मागेपुढे करता येत असतील तर पंचांग उघडा. पौर्णिमेनंतर दोन ते पाच रात्री, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, ऑस्ट्राकॉड नावाचे कणाएवढे जीव उथळ पाण्यात निळा उजेड सोडतात. टॉर्च विझवून स्थिर राहायचं, मग अंधारात ठिपक्यांच्या माळाच्या माळा वर चढताना दिसतात. एवढ्यासाठी तारीख बदलावी लागली तरी बदला.

३. व्हिसा, विमान, फी

शेंगेन व्हिसा आणि नेदरलँड्सच्या कॅरिबियन भागाचा व्हिसा हे दोन वेगळे. भारतीय पासपोर्टवर दुसरा लागतो. काही विशिष्ट व्हिसा आणि निवासी परवाने असलेल्यांना सूट आहे, तेव्हा तुमचा परवाना त्यात बसतो का हे डच दूतावासाच्या नियमावलीत तपासूनच तिकीट काढा. भारतातून ॲमस्टरडॅममार्गे जाणं सोयीचं. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. न्यूअर्क, ह्यूस्टन, अटलांटा, मायामीच्या मंडळींना थेट विमान मिळतं, पण काही ठिकाणांहून ते आठवड्यातल्या ठरावीक वारीच असतं. म्हणून आधी विमानाचा वार बघा, मग रजा टाका.

बेटावर उतरताना ७५ डॉलर प्रवेशकर आणि मरीन पार्कसाठी ४० डॉलर नेचर फी, दोन्ही माणशी. निघण्याआधी ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवा. चलन अमेरिकन डॉलरच आहे.

विम्याकडे दुर्लक्ष नको. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) सारखा खास डायव्हिंगचा विमा घ्या. बेटावर रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे घाईने वर आल्याने होणाऱ्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली, आहे, पण तिथल्या उपचारांचा खर्च खिशातून करण्यासारखा नसतो.

४. राहणं आणि गाडी

खोली, पिकअप आणि हवे तितके सिलिंडर असं पॅकेज घ्या. पिकअपच घ्या, मागे सिलिंडर उभे करायची सोय असते. गाडी उजवीकडून चालवायची आणि बहुतेक वेळा हाताने गिअर टाकायचे. बऱ्याच डाइव्ह शॉपमध्ये नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेली हवा, जादा पैशांशिवाय मिळतो. दिवसाला तीन-चार डाइव्ह करणार असाल तर नायट्रॉक्सचा छोटा कोर्स आधीच करून ठेवा.

स्वयंपाकघर असलेली जागा बघा, शाकाहाऱ्यांनी तर आवर्जून. क्रालेंडाइक या बेटाच्या मुख्य गावात व्हॅन डेन ट्वेल हे मोठं सुपरमार्केट आहे. मासे खाणाऱ्यांनी सुरमईच्या जवळचा वाहू खावा आणि लायनफिश दिसला तर नक्की मागवावा. हा मासा मूळचा इथला नाही. तो प्रवाळावरची लहान मासळी फस्त करतो, त्यामुळे तो ताटात आलेला बरा.

५. बॅग

मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि जाड तळव्याचे बूट स्वतःचे न्या, बाकी भाड्याने मिळतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, म्हणून लांब बाह्यांचा रॅशगार्ड घ्या. हातमोजे घरीच ठेवा. पार्कमध्ये ते चालत नाहीत, कारण मोजे असले की माणूस प्रवाळाला हात लावतो.

६. पाण्यात

पहिल्या दिवशी माहिती-सत्र आणि चेकआउट डाइव्ह, म्हणजे पहिली चाचणीची डाइव्ह, सक्तीची असते. ती उरकून टाकायची गोष्ट समजू नका. वजनं इथेच नीट करून घ्या. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडर जवळपास रिकामा असताना, पाच मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे.

आता पिवळ्या दगडापाशी पोहोचल्यावर काय करायचं ते सांगतो. आधी पाण्याकडे पाहत पाच मिनिटं उभे राहा. लाटा कुठे फुटतात, बाहेर यायची जागा कुठली, हे ठरवा. गाडीत काहीही ठेवू नका, काचा उघड्याच सोडा. इथे गाड्यांमधून भुरट्या चोऱ्या होतात आणि बंद काच फोडली जाते. किल्ली बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या, खिशात. फिन्स (पायात घालायचे पंख) हातात घेऊन कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत जा, कारण तळ ओबडधोबड दगडांचा असतो. तिथे बडीच्या खांद्याला धरून फिन्स चढवा.

खाली गेल्यावर प्रवाह कुठला ते बघा. समुद्रपंखे कुठे झुकले आहेत त्यावरून कळतं. आधी प्रवाहाविरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परतीला तोच मदत करतो. सिलिंडरमधल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात; २०० बारने सुरुवात केली असेल तर १३०-१४० वर वळा. गेजवर पीएसआय असेल तर ३००० म्हणजे साधारण २०० बार. वळण्याआधी कडेचा एखादा ठळक मेंदू-प्रवाळ किंवा बोयाची साखळी लक्षात ठेवा. येताना उथळातून या, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा आणि ५० बार शिल्लक असताना बाहेर पडा. सर्दी असेल त्या दिवशी उतरूच नका.

७. कुठे उतरायचं

सुरुवात शांत जागी करा, बारी रीफ चांगली. सॉल्ट पिअरच्या खांबांमधली मासळी पाहायलाच हवी, पण मीठ भरायला जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरायचं नाही. थाउजंड स्टेप्सला प्रत्यक्षात पायऱ्या सत्तरच्या आसपास आहेत, मात्र सिलिंडर घेऊन चढताना नाव पटतं. हिल्मा हूकर हे १९८४ मध्ये बुडालेलं मालवाहू जहाज. त्यात दडवलेला गांजा सापडला होता. ते कुशीवर पडलंय आणि तळ ३० मीटरवर आहे, म्हणून ओपन वॉटरवाल्यांनी वरूनच बघावं. एखादा दिवस बोटीने समोरच्या निर्मनुष्य क्लाइन बोनेरला द्या.

२०२३ पासून इथल्या प्रवाळांना एक घातक रोग जडला आहे. डाइव्ह शॉपवर सामान बुडवायला जंतुनाशक ठेवलेलं असतं, त्यात रोज बुडवा. एखादी साइट बंद केली असेल तर वाद न घालता दुसरीकडे जा.

८. शेवटचा दिवस कोरडा

अनेक दिवस सलग डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहावं लागतं. मी पूर्ण २४ धरायला सांगेन. दक्षिणेची मिठागरं, फ्लेमिंगो, मिठागरांवर राबलेल्या गुलामांच्या कमरेएवढ्या दाराच्या दगडी झोपड्या, उत्तरेचं वॉशिंग्टन स्लागबाय उद्यान, यासाठी हा दिवस ठेवा. उद्यानाचा प्रवेश नेचर फीमध्येच येतो, पावती दाखवावी लागते. वेटसूट आदल्या दुपारीच गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगा, नाहीतर ओल्या सामानाचं वजन विमानतळावर मोजावं लागतं.