घर ठरवण्याआधी गावाचं नाव वाचा

इंग्लंडात नव्याने आलेल्यांना सुरुवातीला दोन गोष्टी हटकून अडवतात. गावांची नावं जिभेवर बसत नाहीत, आणि आपलं घर नेमकं कुठल्या कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) हद्दीत येतं ते कळत नाही. दोन्हींचं मूळ फार जुनं आहे. रोमन इथे इ.स. ४३ मध्ये आले आणि ४१०च्या सुमारास त्यांची सत्ता संपली. पाठोपाठ उत्तर समुद्रापलीकडून अँगल आणि सॅक्सन आले. ढोबळमानाने सांगायचं तर रस्ते रोमनांचे आणि गावांची नावं सॅक्सनांची. मूळच्या ब्रिटन लोकांची नावं थेम्स, एव्हन अशा नद्यांनी जपली. ‘वेल्स’ हे नाव तर सॅक्सनांच्या ‘परका’ या शब्दातून आलंय. ज्यांची भूमी, तेच परके ठरले.

आधी उच्चार. लष्करी तळाला लॅटिनमध्ये ‘कास्त्रा’ म्हणत. सॅक्सनांनी तो शब्द आपल्या वळणाचा करून घेतला आणि जुन्या रोमन तटबंदीच्या गावांना लावला. मँचेस्टर, कोल्चेस्टर, चिचेस्टर पूर्ण म्हणायचं. स्पेलिंगच्या शेवटी ‘सेस्टर’ दिसलं, तर बहुधा मधलं अक्षर गिळायचं: लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, बिस्टर. सायरनसेस्टर मात्र सगळं म्हणतात. नॉरिच, ग्रेनिच, वॉरिक यांत स्पेलिंगच्या मधलं डब्ल्यू मुकं असतं, इप्सविचमध्ये नसतं. तिकिटाच्या यंत्रावर अर्थात स्पेलिंगच लागतं, म्हणून लेस्टरसाठी एल, ई, आय असं टाइप करा.

आता रस्ता. लंडनच्या मार्बल आर्चपासून वायव्येला निघणारा एजवेअर रोड, म्हणजे ए-५, ही रोमनांची वॉटलिंग स्ट्रीट. मिल्टन कीन्समध्ये व्ही-४ रस्त्याचं नाव आजही तेच आहे. सॅक्सन काळात जमिनींच्या आणि पुढे पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) सीमा आखताना असा सरळ, पक्का रस्ता ही आयती खूण होती. म्हणून क्रिकलवुड-किलबर्न भागात रस्त्याची पश्चिम बाजू ब्रेंट कौन्सिलची आणि पूर्व बाजू बार्नेट किंवा कॅम्डेनची. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ पश्चिमेला, म्हणून ब्रेंटमध्ये. समोरासमोरच्या दोन घरांचा कौन्सिल टॅक्स, कचऱ्याचा दिवस आणि पार्किंगचा परवाना त्यामुळे वेगवेगळा असू शकतो. एका कौन्सिलचा परवाना दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही आणि दंड होतो. भाडेकरार करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून कौन्सिल पाहून घ्या. मुलांच्या शाळेचा अर्ज आपल्या घराच्या कौन्सिलकडेच करायचा, शाळा शेजारच्या हद्दीत असली तरी. मुदत माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर, प्राथमिकसाठी १५ जानेवारी.

गावाबाहेर रोमन रस्ता बाणासारखा सरळ असला तरी सपाट नसतो. फॉस वे या रोमन रस्त्यावर उतारामागे समोरची गाडी दिसेनाशी होते. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल वेग ताशी ६० मैल आहे, म्हणून चढाच्या अलीकडे ओव्हरटेक करू नका.

सगळ्यात उपयोगी पडतं ते नावातलं पाणी. ‘फोर्ड’ म्हणजे नदी पायी ओलांडण्याची उथळ जागा. शेवटचं ‘ई’ पुष्कळदा बेट किंवा पाणथळीतला उंचवटा दाखवतं: हॅक्नी, बर्मंडसी, बॅटरसी. पटनी तसं नाही. तिथे अर्थ बोटी लागायचा धक्का असा आहे. ‘हॅम’ तर दोन आहेत. बर्मिंगममधला म्हणजे वस्ती, पण ईस्ट हॅममधला म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन. सॉमरसेटमधल्या मचल्नीचा अर्थच ‘मोठं बेट’. २०१४च्या पुरात त्या गावाचे रस्ते कित्येक आठवडे पाण्याखाली होते आणि लोक बोटीने ये-जा करत होते. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी नाव ठेवलं, त्यांनी तिथला पावसाळी हिवाळा पाहिला होता.

तरी नुसत्या नावावर घर नाकारू नका. तेव्हाच्या दलदली भरल्या गेल्या, ओढे नळांत गेले. नावाने शंका आली की इंग्लंडच्या सरकारी पूरधोका सेवेत पोस्टकोड घालून पत्ता निवडा. नदी-समुद्राचा धोका आणि पावसाचं साचणारं पाणी यांचे निकाल वेगळे दाखवतात. दोन्ही पाहा, कारण शहरात दुसराच जास्त नडतो. ‘हाय’ म्हणजे दरवर्षी ३.३ टक्क्यांहून जास्त शक्यता, ‘मीडियम’ म्हणजे १ ते ३.३. तळघरातला फ्लॅट असेल तर हे आधी करा. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो; तुमच्या सामानाचा विमा वेगळा काढावा लागतो.