जुनी ब्रिटिश कॉमिक्स आणि ॲन्युअल्स जमवताना या चुका टाळा

स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेच्या ‘द डँडी’ या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकावर ४ डिसेंबर १९३७ ही तारीख आहे आणि ‘द बीनो’च्या पहिल्या अंकावर ३० जुलै १९३८. त्यानंतरची कित्येक दशके ज्यांनी या साप्ताहिकांची पाने चितारली, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे त्या पानांवर कधीच छापली गेली नाहीत. लंडनमधील अमाल्गमेटेड प्रेस आणि तिची वारसदार फ्लीटवे यांची रीतही फारशी वेगळी नव्हती. चित्रकाराने कोपऱ्यात सही केलीच, तर छपाईपूर्वी ती बहुधा पांढऱ्या रंगाखाली झाकली जाई. त्यामुळे या कॉमिक्सच्या संग्राहकाला दोन कामे करावी लागतात: हाती आलेला अंक नेमका केव्हाचा हे ठरवणे आणि तो कोणाच्या हातचा आहे हे ओळखणे. पहिल्या कामातील चूक खिशाला लागते. दुसरी चूक मी अधिक गंभीर मानतो, कारण ज्या माणसाला हयातीत श्रेय मिळाले नाही, त्याचे काम आपण पुन्हा एकदा दुसऱ्याच्या नावावर घालतो.

वर्ष ठरवण्याची घाई

ॲन्युअल म्हणजे नाताळच्या भेटीसाठी काढलेले पुठ्ठा बांधणीचे पुस्तक. ते शरद ऋतूत दुकानात येई आणि त्यावर पुढच्या वर्षाचा आकडा असे, म्हणून १९७२ चे ‘बीनो बुक’ प्रत्यक्षात १९७१ मध्ये विकले गेले. हा नियम सगळीकडे लावणे ही नवख्या संग्राहकाची पहिली चूक होय. ‘डेली एक्सप्रेस’मध्ये ८ नोव्हेंबर १९२० रोजी मेरी टूर्टेल यांनी सुरू केलेल्या रूपर्ट अस्वलाची ॲन्युअल्स १९३६ पासून निघू लागली आणि त्यांच्यावरचे वर्ष हे प्रकाशनाचेच वर्ष असते. दोन्ही मालिका एकाच यादीत मांडताना हा फरक नोंदवला नाही, तर सगळी यादी एका वर्षाने डळमळते.

बीनो आणि डँडीच्या जुन्या ॲन्युअल्सच्या मुखपृष्ठावर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वर्षच छापलेले नसे. अशा वेळी आतल्या पानावर मुलाच्या हस्ताक्षरात लिहिलेली ‘नाताळ १९५४’ सारखी नोंद पाहून वर्ष ठरवण्याचा मोह होतो. ही नोंद उपयोगी असते, पण ती केवळ पुस्तक त्या नाताळापूर्वी छापले गेले होते एवढेच सांगते, कारण थोरल्या भावंडाचे पुस्तक धाकट्याला देण्याची पद्धत तिकडेही होती. मुखपृष्ठावरील चित्राची प्रकाशित सूचीतील चित्राशी तुलना करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. १९४० च्या दशकातील काही पुस्तकांवर ‘मॅजिक-बीनो बुक’ असे नाव दिसते, तीही वेगळी मालिका नव्हे. ‘मॅजिक’ हे थॉमसनचे साप्ताहिक दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईमुळे १९४१ मध्ये बंद पडले आणि त्याचे नाव काही वर्षे बीनोच्या ॲन्युअलवर टिकून राहिले.

त्याच कागदटंचाईने संग्राहकांना आणखी एका शोधात गुंतवून ठेवले आहे. १९४१ ते १९४९ या काळात बीनो आणि डँडी आळीपाळीने, म्हणजे प्रत्येकी पंधरवड्यातून एकदा निघत. त्यामुळे आपल्या संचात दर दुसरा आठवडा नाही म्हणून जो अंक शोधत बसतो, तो कधीच न छापलेला अंक शोधत असतो. ‘द ब्रून्स’ आणि ‘ऊर वुली’ या स्कॉटिश कुटुंबकथांची पुस्तकेही वर्षाआड, एकमेकांशी पाळी लावून निघत आली आहेत.

किंमत पाहण्याची सवय लावून घ्यावी. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन स्वीकारले. त्याआधीच्या अंकांवर जुन्या पेनीसाठी ‘डी’ हे अक्षर असते आणि त्यानंतर ‘पी’ येते. ‘ईगल’चा पहिला अंक म्हणून विकायला ठेवलेली प्रत तीन जुन्या पेनींची असेल, तर ती १४ एप्रिल १९५० ची असू शकते. त्यावर वीस ‘पी’ छापलेले असतील, तर तो मार्च १९८२ मध्ये त्याच नावाने नव्याने सुरू झालेल्या साप्ताहिकाचा अंक आहे आणि दोघांच्या मोलात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘टीव्ही सेंच्युरी २१’ने तर आपल्या अंकांवर शंभर वर्षे पुढची तारीख छापली, त्यामुळे २०६५ हे वर्ष पाहून ती छपाईची चूक किंवा बनावट प्रत समजू नये. ॲलन क्लास यांच्या ‘क्रीपी वर्ल्ड्स’, ‘सिनिस्टर टेल्स’ यांसारख्या कृष्णधवल मासिकांवर तारीख नसतेच. तिथे किंमत आणि शेवटच्या पानांवरील जाहिराती यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय त्यांतील कथा मुख्यतः अमेरिकी कॉमिक्समधून घेतलेल्या असल्यामुळे त्यांचे चित्रकार ब्रिटनमध्ये शोधू नयेत.

पात्रावरून चित्रकार ठरवणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने केले आहे. ‘बीनो’मधील ‘मिनी द मिंक्स’ ही खट्याळ मुलगी १९५३ मध्ये लिओ बॅक्सेंडेल यांनी निर्माण केली, म्हणून मिनीचे कोणतेही जुने पान बॅक्सेंडेल यांचे, असे विक्रेते बिनदिक्कत लिहितात. वास्तविक १९६१ पासून पुढची चाळीस वर्षे मिनी जिम पेट्री यांनी काढली. ‘बीनो’तीलच ‘बॅश स्ट्रीट किड्स’ ही बॅक्सेंडेल यांचीच निर्मिती, पण १९६२ मध्ये त्यांनी थॉमसन सोडल्यावर ते पान डेव्हिड सदरलँड यांच्याकडे आले आणि सहा दशके त्यांच्याकडेच राहिले. ‘बीनो’चाच ‘डेनिस द मेनेस’ १९५१ ते १९७० या काळात डेव्हिड लॉ यांचा, त्यानंतर सदरलँड यांचा आणि पुढे डेव्हिड पार्किन्स यांचा. तिघांचेही पहिले नाव एकच असल्यामुळे अर्धवट नोंदींनी गोंधळात भर घातली आहे. त्याच नावाचा आणि योगायोगाने त्याच महिन्यात जन्मलेला अमेरिकी डेनिस हँक केचम यांचा आहे आणि त्याचा या डेनिसशी काहीही संबंध नाही.

नव्या चित्रकाराकडून संपादकांची अपेक्षा जुन्याची शैली सांभाळण्याचीच असे, कारण वाचणाऱ्या मुलाला बदल जाणवू नये हा हेतू होता. म्हणून सुरुवातीच्या वर्षांतील सदरलँड बॅक्सेंडेल यांच्यासारखे दिसतात. अशा वेळी चेहरा पाहून निर्णय घेऊ नये, कारण चेहऱ्याचीच नक्कल सर्वांत काळजीपूर्वक केलेली असते. हात, बोटांची वळणे, बुटांचे आकार, कानांची रेषा, दूरवरच्या भिंतीच्या विटा, झाडांची पाने आणि धावणाऱ्या माणसामागची धूळ या जागी चित्रकार स्वतःच्या सवयीने रेघ ओढतो. ज्या चित्रकाराचा संशय असेल, त्याचे खात्रीने त्याचेच असलेले त्याच वर्षांतील काम शेजारी ठेवून या तपशिलांची तुलना करावी. पंधरा वर्षांनंतरच्या कामाशी केलेली तुलना बहुधा फसवते, कारण माणसाचा हात बदलत जातो. अक्षरांवरून तर निष्कर्ष काढूच नये. संवादांच्या फुग्यांतील अक्षरे पुष्कळदा वेगळी माणसे लिहीत किंवा ती यंत्राने जुळवलेली असत.

ओडहॅम्सच्या ‘व्हॅम!’ या साप्ताहिकात १९६४ मध्ये केन रीड यांनी ‘फ्रँकी स्टाइन’ काढला. तेच पात्र १९७३ नंतर ‘शिव्हर अँड शेक’मध्ये रॉबर्ट निक्सन यांच्या गोलसर, सौम्य रेषेत अवतरते. रीड यांच्या रेषेतील तो दाट, थरकाप उडवणारा तपशील एकदा डोळ्यांत बसला की ही दोन पाने वेगळी करायला क्षणही लागत नाही, पण त्यासाठी आधी पुष्कळ पाहावे लागते आणि माझ्या मते या छंदाचा खरा आनंद त्या पाहण्यातच आहे.

सही आहे, म्हणून निश्चिंत होणे

थॉमसनमध्ये सही करण्याची मुभा १९४६ पासून डडली वॉटकिन्स यांना मिळाली, आणि हा अपवाद होता. ‘डेस्परेट डॅन’, ‘लॉर्ड स्नूटी’, ‘ऊर वुली’ आणि ‘द ब्रून्स’ या चारही मालिका त्यांच्या हातून घडल्या. तरीही त्यांची सही असलेले पान म्हणजे ते छापले गेले त्याच वर्षीचे काम, असे समजू नये. वॉटकिन्स १९६९ मध्ये वारले आणि त्यानंतर अनेक वर्षे ‘डँडी’मध्ये त्यांची जुनी ‘डेस्परेट डॅन’ची पाने पुन्हा छापली जात होती.

‘ईगल’मध्ये नावे छापली जात आणि तिथे अडचण उलट दिशेची आहे. त्यातील ‘डॅन डेअर’ या अवकाशवीराच्या मालिकेचे निर्माते फ्रँक हॅम्पसन यांनी साउथपोर्ट येथे आणि नंतर एप्सम येथे सहकाऱ्यांची कार्यशाळा चालवली. हॅरल्ड जॉन्स, डॉन हार्ली, ग्रेटा टॉमलिन्सन, एरिक ईडन, ब्रूस कॉर्नवेल, कीथ वॉटसन ही माणसे तिथे काम करीत होती. म्हणून हॅम्पसन यांची सही असलेल्या पानावर अनेकांचे श्रम असू शकतात. १९५९ मध्ये फ्रँक बेलामी यांनी सूत्रे घेतल्यानंतरच्या सुमारे वर्षभरात तर एकाच आठवड्याच्या भागातील पहिले पान बेलामी यांचे आणि दुसरे हार्ली व वॉटसन यांचे, अशी विभागणी होती. त्या काळातील अंकाची नोंद करताना पानागणिक नाव लिहावे.

टोपणनावेही अशीच फसवतात. ‘२००० एडी’ या साप्ताहिकाने १९७७ मध्ये सुरू झाल्यानंतर लवकरच लेखक, चित्रकार आणि अक्षरलेखक यांची नावे चौकटीत छापायला सुरुवात केली आणि ब्रिटिश कॉमिक्समध्ये हे मोठे पाऊल होते. मात्र तिथला ‘टी. बी. ग्रोव्हर’ हा वेगळा लेखक नसून ‘जज ड्रेड’चे निर्माते जॉन वॅग्नर यांचे ते टोपणनाव आहे. मुलींच्या ‘टॅमी’ या साप्ताहिकाने १९८२ मध्ये नावे छापायला सुरुवात केली, त्यामुळे त्यानंतरचे ‘टॅमी’चे अंक आधीची अनाम पाने ओळखण्यासाठी नमुना म्हणून वापरता येतात. संग्राहक मुलींची साप्ताहिके स्वस्त म्हणून दुर्लक्षितात, पण ओळख पटवण्याचे न झालेले काम सर्वाधिक तिथेच शिल्लक आहे.

चित्रकार इंग्रजच असणार, हे गृहीतक

फ्लीटवेने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून स्पेन, इटली आणि अर्जेंटिना येथील चित्रकारांकडून फार मोठ्या प्रमाणावर काम करून घेतले. ‘व्हॅलियंट’ या साप्ताहिकात ऑक्टोबर १९६२ पासून आलेला ‘स्टील क्लॉ’ बार्सिलोनाच्या हेसूस ब्लास्को यांनी काढला, ‘केलीज आय’ या मालिकेची कित्येक पाने अर्जेंटिनाच्या सोलानो लोपेझ यांची आहेत आणि पुढे युरोपभर गाजलेल्या ह्यूगो प्रॅट यांनी ‘वॉर पिक्चर लायब्ररी’साठी बिननावी काम केले आहे. शैली ओळखीच्या ब्रिटिश नावांत बसत नसेल, तर सर्वांत जवळचे नाव चिकटवण्याऐवजी या देशांकडे पाहावे. यांपैकी ‘स्टील क्लॉ’ भारतातही मोठा झाला. १९७२ मध्ये तमिळमधील मुथू कॉमिक्सची सुरुवात त्याच्याच अनुवादाने झाली.

लेखकांकडे तर सगळेच पाठ फिरवतात. ‘स्टील क्लॉ’च्या आरंभीच्या कथा केन बुल्मर यांच्या आणि नंतरच्या बहुसंख्य टॉम टली यांच्या. ‘लायन’ या साप्ताहिकातील ‘द स्पायडर’ची चित्रे रेज बन यांची, पण कथा आधी टेड कोवन यांनी आणि नंतर सुपरमॅनचे सहनिर्माते जेरी सीगल यांनी लिहिल्या. नोंदवहीत चित्रकाराइतकीच जागा लेखकालाही असावी.

विकत घेताना आणि सांभाळताना

१९७० नंतरच्या फ्लीटवे आणि आयपीसी (फ्लीटवे ज्या प्रकाशनसमूहात सामील झाली तो) यांच्या ॲन्युअल्समध्ये दहा-पंधरा वर्षे जुनी पाने सर्रास पुन्हा वापरलेली असतात, म्हणून ॲन्युअलचे वर्ष हे त्यातील चित्रांचे वर्ष मानू नये. बीनो आणि डँडीच्या पहिल्या अंकांच्या, तसेच रूपर्टच्या जुन्या ॲन्युअल्सच्या हुबेहूब प्रतिकृती निघालेल्या आहेत आणि त्यांच्यावर मूळ किंमतही छापलेली असते. खऱ्या जुन्या अंकाचा कागद कडांपासून आत पिवळसर तपकिरी होत जातो आणि पिनांचा गंज मधल्या पानात उतरलेला असतो. अंकासोबत भेट म्हणून दिलेल्या शिट्टीसह टिकलेली ‘डँडी’च्या पहिल्या अंकाची प्रत २००४ मध्ये २०,००० पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली, त्यामुळे अशा अंकांच्या बाबतीत केवळ मुखपृष्ठाच्या छायाचित्रावर व्यवहार करू नये. मधली जोडपाने, दोन्ही पिना आणि मागचे मुखपृष्ठ यांची छायाचित्रे मागवावीत. ॲन्युअलमध्ये किमतीचा कोपरा कापलेला आहे का, कोडी सोडवलेली आहेत का आणि रूपर्टच्या पुस्तकांत पाणी फिरवताच रंग उमटणारी जादूची पाने कोरी आहेत का, हे विचारावे.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत हा स्वस्त, आम्लयुक्त कागद ब्रिटनपेक्षा लवकर खचतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे, साध्या पीव्हीसी पिशव्यांत अंक कोंबणे आणि कपाटात डांबराच्या गोळ्या टाकणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. पॉलिस्टरच्या पिशव्या, आम्लमुक्त पुठ्ठा आणि पावसाळ्यात वेळोवेळी बदललेली सिलिका जेल यांनी बुरशी आणि कसर दोन्ही बऱ्याच अंशी दूर राहतात. गंजलेल्या पिना मात्र स्वतः उपटू नयेत, कारण त्यांच्याबरोबर कागदही सुटून येतो.

नोंद अंकावर कधीही लिहू नये, ती वेगळ्या कागदावर असावी. तीत चित्रकाराचे नाव ‘छापलेले’, ‘सहीवरून’, ‘चित्रकाराच्या स्वतःच्या सांगण्यावरून’ की ‘शैलीवरून’ ठरवले आहे हे स्पष्ट लिहावे आणि शैलीवरून ठरवले असल्यास कोणत्या अंकातील कोणत्या पानाशी तुलना केली तेही लिहावे. डेनिस गिफर्ड यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली १८७४ ते १९७४ या शतकाची ब्रिटिश कॉमिक्सची सूची साप्ताहिकांची नावे आणि त्यांचा काळ पडताळण्यासाठी आजही हाताशी असावी. जिथे पुरावा नाही, तिथे नावाचा रकाना कोरा सोडावा. पुढच्या अभ्यासकाला कोरा रकाना भरता येतो, पण ठाम अक्षरांत लिहिलेले चुकीचे नाव आधी खोडून काढावे लागते आणि तोवर ते अनेक याद्यांत उतरलेले असते.