पाडव्याआधी कोळ्यांचा बंदोबस्त (आणि तो ब्रश!)

आमचं सांगलीत गावभागातलं जुनं घर, वर वासे, माळा, त्यामुळं कोळ्यांना जागेची काय कमी नाही. मागच्या साली होळी झाल्यावर आख्खा रविवार घालवून मी सगळी जळमटं काढली, बायको पण म्हणाली झक्कास झालंय. तीन आठवड्यांनी जिन्याखालच्या फडताळातनं खसखशीएवढी पिल्लं रांगेनं भिंतीवर चढताना दिसली. शे-दीडशे तरी. कुठनं आली ते कळायला दोन दिवस गेले. ज्या लांब दांड्याच्या ब्रशनं जाळी काढली तो मी तसाच, जळमटांसकट, फडताळात उभा करून ठेवला होता आणि अंड्यांच्या पिशव्या त्यातच गुरफटलेल्या. म्हणजे घरभरची अंडी गोळा करून मीच एका जागी उबवायला ठेवली की ओ.

म्हणून यंदा सुरुवात ब्रशपासनं. काम चालू करायच्या आधीच दाराबाहेर एक जुनी बादली, त्यात कढत पाणी आणि मूठभर कपड्याची पावडर. एक खोली झाली की ब्रश बाहेर, बादलीत बुडवायचा, हातानं जाळी ओढून काढायची, मग दुसरी खोली. "शेवटी एकदम धुतो" म्हणू नका, शेवटी कुणी धूत नाही.

अंडी ओळखायला शिका. काही कापसाच्या गोळीसारखी जाळ्यात लटकतात, काही भिंतीला पांढऱ्या कागदाच्या टिकलीसारखी चिकटलेली असतात आणि ती झाडूनं निघत नाहीत, पुट्टीची पट्टी किंवा जुना उलथना घेऊन खरवडायला लागतात. फोटोच्या फ्रेममागं, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, फ्रिजच्या पाठीमागं, देव्हाऱ्याखाली बघा. एका पिशवीत कधी डझनभर, कधी शंभराच्या वर पिल्लं असतात, म्हणून एक राहिली तरी महागात पडते. खरवडलेलं सगळं पिशवीत घालून गाठ मारायची आणि त्याच दिवशी घंटागाडीत.

तो मोठा तपकिरी, तळहाताएवढा, भिंतीला चपटा बसणारा कोळी असतो ना, तो जाळं विणत नाही, झुरळं खातो. मी त्याला डबा झाकून, खालनं पुठ्ठा सरकवून परसात सोडतो. पोटाखाली पांढरी चकती धरली असेल तर ती मादी, तिला चप्पल मारायला जाऊ नका, चकतीत अंडीच असतात. आणि कोळी मुतला की फोड येतात असं आमची आजी सांगायची, ते फोड बऱ्याचदा लाल-काळा एक बारका किडा अंगावर चिरडल्यानं येतात, कोळ्यावर उगाच आळ.

फवाऱ्यावर पैसे घालवू नका. कोळी पायाच्या टोकांवर चालतो, फरशीवरचं औषध त्याला फारसं लागत नाही, थेट अंगावर पडलं तरच मरतो. पिशवीतल्या अंड्यांपर्यंत तर ते पोचतच नाही.

त्यापेक्षा फटी बुजवा. 2019 च्या महापुरात आमच्या खालच्या भिंतींचा गिलावा पोकळ झाला, 2021 ला परत पाणी आलं, चौकटीच्या कडेनं बोट जाईल एवढ्या भेगा. व्हाइट सिमेंट भरा. मोठ्या भेगेला आधी सिमेंट-वाळू, नाहीतर पावसाळ्यात सगळं गळून पडतं. दाराखाली रबरी पट्टी, मोरीच्या भोकाला जाळी, खिडकीला मच्छरजाळी, हे सगळ्यांना माहितीच आहे.

दिवा मात्र लोक विसरतात. उंबऱ्यावर पांढराफटक एलईडी लावला की सगळी पाखरं, चिलटं तिथं, आणि त्यांच्या मागं कोळी. पिवळा लावा, काम नसेल तर बंद करा.

एवढं झाल्यावर परत ब्रश. बादलीत तासभर ठेवा, नंतर कडक उन्हात गच्चीवर. आणि तो घराबाहेरच टांगायचा, फडताळात नाही, दाराआड नाही, माळ्यावर तर अजिबात नाही. व्हॅक्युम वापरला असेल तर त्याची पिशवी पण बाहेरच रिकामी करा.

माळ्यावरची रद्दी द्या, भिंतीला टेकवलेली लाकडं हलवा, चपलांचा स्टँड, कुंड्या, मीटरची पेटी, सगळं एकदा झटका. पंधरा दिवसांनी परत एक फेरी, तेव्हा पण ब्रश धुऊनच. आमचा या साली अजून माळा राहिलाय, पाहुणे यायच्या आधी उरकायला पाहिजे.