खोपोलीला दोन दिवस, दोघंच: इमॅजिकाच्या तयारीची यादी

सगळ्यात आधी तारीख पक्की करा. हॉटेल, कपडे, बजेट हे सगळं तिच्या मागून येतं. इमॅजिका या खोपोलीजवळच्या मनोरंजन पार्कातला दिवस कसा जाणार हे मुख्यतः रांगा ठरवतात. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळायच्या हे कुणालाही सुचतं. पण डिसेंबरातला एखादा बुधवार गाठून आपण हुशारी केली असं वाटणाऱ्यांना गेटाशी शाळांच्या सहलीच्या बसगाड्या ओळीनं उभ्या दिसतात. माझी पसंती फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याला. बारावीची परीक्षा तोंडावर किंवा सुरू, शाळांच्या सहली बहुतेक उरकलेल्या, आणि घाटाच्या पायथ्याचा दमट उकाडा अजून पुरता सुरू झालेला नसतो. पावसाळ्यात गर्दी कमी हे खरं, पण खोपोलीचा पाऊस म्हणजे सह्याद्रीला अडून कोसळणारा पाऊस. विजा चमकू लागल्या की उंच राइड थांबवतात, मग भिजत उभं राहण्यापलीकडे करायला काही उरत नाही. तारीख ठरवताना पाळीचा अंदाजही बघून घ्या. वॉटर पार्कचे पैसे भरून दिवसभर काठावर बसायला कुणालाच आवडत नाही.

मग घरीच, चहा पिताना, एक बैठक घ्या: कोण कशाला घाबरतं. लग्नाला वर्ष झालेल्या जोडप्यांनाही हे एकमेकांबद्दल नेमकं माहीत नसतं, आणि ते रांगेत एक तास उभं राहिल्यावर कळणं फार महागात पडतं. नायट्रो हा तिथला मोठा रोलर कोस्टर, सुमारे ४० मीटर उंच, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, पाच वेळा उलटा करणारा. त्याला पायाखाली तळच नाही, पाय हवेत लोंबकळतात. डीप स्पेस उंचीला लहान, पण बंद इमारतीत, अंधारात धावतो. पुढचं वळण दिसत नाही म्हणून काहींना तोच जास्त भयंकर वाटतो. गोल्ड रश एक्स्प्रेस ही खाणीतल्या गाडीच्या थाटाची, त्या मानानं सौम्य, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करणं बरं. यूट्यूबवर प्रत्येक राइडचे व्हिडिओ आहेत, ते एकत्र बघा. दोघांनी स्वतंत्रपणे ‘नक्की’, ‘बघू’ आणि ‘मला ओढू नकोस’ अशा तीन याद्या लिहा आणि मगच जुळवा. ‘तू जा, मी बॅग सांभाळते’ हे वाक्य एकदा गोड असतं, चौथ्यांदा त्यात भांडण असतं. त्यामुळे एकाच्या हट्टाच्या राइडमागे दुसऱ्याच्या आवडीचं काहीतरी लगेच ठेवा. ‘मला ओढू नकोस’च्या यादीवर फेरविचाराचा अर्ज चालत नाही, एवढा नियम आधीच मान्य करून टाका.

याच बैठकीत तब्येतीचंही बोलून घ्या. मानेचं, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं, रक्तदाब, गर्भारपण यांत मोठ्या राइडला मनाई असते, आणि ती पाटी शोभेची नसते. पाळी चुकली असेल आणि अजून तपासलं नसेल, तर निघायच्या आधी तपासा. बसमध्ये मळमळणाऱ्यांनी गोळी कोणती, कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. यातल्या काही गोळ्यांनी दिवसभर पेंग येते.

तिकिटं तारखेप्रमाणे ऑनलाइन काढा. इथे थीम पार्क २०१३ साली उघडलं, वॉटर पार्क २०१४ मध्ये, आणि पुढे स्नो पार्कही आलं. तिन्ही शेजारी शेजारी असली तरी एकाच दिवसात कोंबू नका. थीम पार्कला एक अख्खा दिवस लागतो, वॉटर पार्कला दुसरा. तुमच्या दोन दिवसांत एक कामाचा आणि एक सुट्टीचा वार येत असेल, तर कामाचा वार थीम पार्कला द्या, कारण गर्दीचा खरा फटका तिथल्या रांगांना बसतो. स्नो पार्क अगदी हौस असेल तरच. तिकिटं काढण्याआधी फोन करून कुठली राइड दुरुस्तीसाठी बंद आहे ते विचारा. ज्या एका राइडसाठी तुम्ही चालला आहात, नेमकी तीच बंद असू शकते. रांग टाळणारा महागडा पास मधल्या वारी बहुधा वाया जातो; सुट्टीच्या दिवशी जाणं भागच असेल तर मात्र बाहेरच्या जेवणात काटकसर करून तो घ्या.

जायचं कसं, हे कुठून निघता त्यावर. मुंबईहून खोपोली लोकल हा सगळ्यात स्वस्त मार्ग. थेट गाड्या मोजक्याच आहेत, नाहीतर कर्जतला बदलावी लागते, आणि कर्जतपासून खोपोलीपर्यंतच्या मार्गावर दोन गाड्यांमध्ये बरंच अंतर असतं. स्टेशनवरून रिक्षा मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा. पुण्याहून रेल्वेनं येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून घाट रस्त्यानं उतरावा. स्वतःची कार असेल तर द्रुतगती मार्गावरून पाली फाट्याला बाहेर पडायचं. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना बघा. बाइकवरून जाण्याची हौस असणाऱ्या जोडप्यांनी एक लक्षात ठेवावं: द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. पुण्याहून येत असाल तर जुन्या रस्त्यानं, बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळावरून उतरायचं. तो रस्ता सुंदर आहे, पण दिवसभर राइड करून थकल्यावर रात्री तो चढायचा बेत करू नका.

मुक्कामासाठी पार्कला लागून मोठं हॉटेल आहे, ते परवडलं तर दुपारी खोलीवर जाऊन पडता येतं ही फार मोठी चैन. नाहीतर खोपोलीत साधी लॉज आहेत, किंवा थोडं लांब लोणावळा. दोघांचंही मूळ ओळखपत्र लागतं, एकाचं चालत नाही. आधार किंवा मतदार ओळखपत्र घ्या. पॅन कार्डावर पत्ता नसल्यानं ते बहुतेक ठिकाणी नाकारतात. लग्नानंतर नाव बदललं नसेल तर बिचकायचं कारण नाही. लग्न झालेलं नसेल तरीही सज्ञान जोडप्यानं एकत्र राहायला कायद्याची आडकाठी नाही. पण काही लॉजवाले आपल्या नियमावर बोट ठेवून काउंटरवरच तोंड वाकडं करतात, म्हणून बुकिंगआधी फोनवर सरळ विचारून घ्या.

आता बॅग. ती छोटीच हवी, कारण आत गेल्यावर लॉकर आणि खांदा एवढंच असतं. नव्या नवरीनं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सैल झालेली अंगठी घरी ठेवलेली बरी. घरातून ‘गळा मोकळा ठेवायचा?’ असा प्रश्न येईल. काळ्या मण्यांचा बारीक, गळ्यालगतचा सर किंवा मनगटातलं ब्रेसलेट हा मधला मार्ग आहे, पण वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर तेही उतरवायला लावू शकतात. चष्मेवाल्यांनी चष्म्याची दोरी घ्यावी, तरी मोठ्या कोस्टरवर चष्मा काढूनच ठेवायला सांगतात. पायात पट्ट्याचे सँडल किंवा बूट, चप्पल नकोच. पाण्यासाठी नायलॉन किंवा लायक्राचाच पोशाख लागतो, सुती टी-शर्ट आणि जीन्सवर पाण्यात सोडत नाहीत. भाड्यानं मिळतो, पण स्वतःचा असेल तर मनाला बरं. बाह्यांचा, पूर्ण पायांचा पोशाखही दुकानात सहज मिळतो, त्यामुळे लाजून पाण्याबाहेर राहू नका. बरोबर टॉवेल, मोबाइलची जलरोधक पिशवी, सनस्क्रीन, पॉवर बँक, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, कोरड्या अंतर्वस्त्रांचा एक जादा जोड, बँडेड, केसांना दोन रबर.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत आणि आतलं महाग आहे, म्हणून सकाळीच पोटभर, पण तेलकट नसलेलं खाऊन घ्या: पोहे, उपमा, इडली. खोपोलीचा प्रसिद्ध बटाटेवडा परतीसाठी राखून ठेवा. नायट्रोच्या आधी तो पोटात असणं ही स्वतःवर आणि मागच्या रांगेवर केलेली क्रूरता आहे.

गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. पहिले दोन तास बाहेरच्या मोठ्या राइडना द्या, तेव्हा रांगही कमी आणि ऊनही. दुपारी एक ते चार छपराखाली काढा. आय फॉर इंडियात खुर्च्या पडद्यासमोर अधांतरी नेऊन देशावरून उडवल्याचा भास देतात. घाबरणाऱ्या जोडीदाराचंही तिथे बिनसत नाही. अलिबाबाच्या गुहेत दोघांनी बंदुका घेऊन नेम साधायचा असतो आणि गुण मोजले जातात, तेव्हा पैज आधीच लावा: हरणाऱ्याकडे पुढचा आठवडा भांडी. सलीमगढ हे भुताचं तळघर, हात धरायला उत्तम निमित्त. राजासॉरसची बोट उन्हं उतरण्याआधी करा, कारण ती भिजवते. तो डायनोसॉर खरा बरं का. त्याचे जीवाश्म गुजरातमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ साली त्याला नाव मिळालं. रांगेत सांगायला बरं पडतं.

घरच्यांना बेत सांगितला की एक वाक्य हमखास येतं: ‘तिकडे जाताच आहात तर गणपती करून या.’ वाद घालू नका, वाटेवरच आहे. महडचा वरदविनायक खोपोलीजवळ आणि पालीचा बल्लाळेश्वर खोपोली-पाली रस्त्यानं पुढे, दोन्ही अष्टविनायकांतले. नकाशात मात्र ‘वरदविनायक’ असंच शोधा, नाहीतर तो तुम्हाला चवदार तळ्याच्या महाडला, रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडेल. दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, वॉटर पार्कच्या आधी उरका. ओल्या केसांनी आणि क्लोरीनच्या वासानं देवळात जायला तुम्हालाच बरं वाटणार नाही.

पैशांचं शेवटचं: तिकीट आणि खोली सोडून लॉकर, पोशाख, दोन वेळचं खाणं, राइडवर काढलेला फोटो आणि रिक्षा यांच्यासाठी एक ठरावीक रक्कम एकाच यूपीआय खात्यात ठेवा आणि थोडी रोकड खिशात. फोटो एकच घ्या, ज्यात दोघांचेही चेहरे सारखेच वेडेवाकडे आले आहेत तो. आणि परतीची वेळ निघण्याआधीच ठरवा. रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावर मुंबईकडे वाहनांची रांग लागते, तेव्हा एक तर दुपारी चारलाच निघा, नाहीतर जेवून रात्री. लोकलनं जाणाऱ्यांनी खोपोलीहून सुटणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा मोबाइलवर लिहून ठेवाव्यात, आणि बेत आधीच्या गाडीचाच करावा. घरी पोहोचल्यावर कितीही झोप आली तरी ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री उघडा.