मोहल्ल्यातली महिला समिती फुटते कशी : या चुका टाळा

दारूचा ठेका हटवायला निघालेल्या बायका महिनाभरात एकमेकींनाच हटवायला लागतात, हे इंदूरच्या वस्त्यांना नवीन नाही. ठेकेदाराला काही करावं लागत नाही, तो नुसता थांबतो. आपल्याकडच्या मराठी मंडळांमधल्या ताई-काकू अशा समित्यांमध्ये हौसेने उतरतात, म्हणून हे जरा स्पष्टच लिहिते.

सहीआधी चारित्र्याची तपासणी

सगळ्यात मोठी चूक हीच. आवेदनाचा कागद दारोदार फिरत असतो आणि कुणीतरी हळूच म्हणतं, ‘त्या वहिनींची सही नको हं, त्यांचे मिस्टर रोज तिथेच असतात.’ अहो काकू, मग त्या ठेक्याचा त्रास त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला आहे? पण एकदा चाळणी लावली की ती थांबत नाही. ही पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) नात्यातली, ती अमुक पक्षाची, हिच्या घरी सुनेला नोकरी करू देत नाहीत, तिला मोर्चात घोषणा द्यायची लाज वाटते. शेवटी उरतात पाचजणी. त्या अगदी शुद्ध असतात, पण त्यांना कुणी विचारत नाही.

मुद्दा काय आहे ते पाहा. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून पिण्याच्या जागा, बंद झाले आणि शाळा, धार्मिक स्थळं यांच्यापासून दुकानाचं अंतर ५० मीटरवरून १०० मीटर केलं गेलं. म्हणजे तुमच्या तक्रारीचा जीव मोजमापाच्या फितीत आहे. फीत धरणारी भाजपची की काँग्रेसची, याने अंतर बदलत नाही.

मुंबईत १९७२ साली महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती झाली, तिच्यात समाजवादी मृणाल गोरे होत्या, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर होत्या आणि कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डीही होत्या. त्यांच्यातले मतभेद आपल्या गल्लीतल्या मतभेदांपेक्षा नक्कीच मोठे होते. तरी लाटणी घेऊन रस्त्यावर त्या एकत्र उतरल्या, कारण मागणी तेल, साखर, धान्याची होती.

म्हणून पहिल्याच बैठकीत मागणी एका वाक्यात लिहा. ते वाक्य मान्य असलेली प्रत्येक बाई आपली. बाकी मतं तिने घरी ठेवावीत, तुम्हीही ठेवा.

खऱ्या तक्रारीलाही ‘फूट पाडू नका’ म्हणणं

याची उलट चूकही होते. बैठक हळदीकुंकवाला जोडून ठेवली आणि विधवा बायकांना बोलावणंच गेलं नाही. त्यावर कुणी बोललं तर ‘आता हे काय नवीन खूळ?’ हे उत्तर चालणार नाही. वर्गणीचा हिशेब मागणं, जातीवरून मारलेल्या टोमण्याला हरकत घेणं, ही शुद्धतेची परीक्षा नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: तक्रार केलेल्या कृतीबद्दल आहे, की ती बाई मुळात कशी आहे याबद्दल? कृतीची असेल तर त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सोडवा.

‘आमच्यात कुणी नेता नाही’

ऐकायला छान वाटतं. अमेरिकी स्त्रीवादी जो फ्रीमन यांनी १९७० मध्येच सांगितलं होतं की रचना नाकारली म्हणून सत्ता नाहीशी होत नाही, ती मैत्रिणींच्या टोळक्याकडे जाते आणि मग तिला जाब विचारता येत नाही. पुढे १९७६ मध्ये, चळवळीतल्याच बायका एखादीला कशा मोडून टाकतात, यावरही त्यांनी लिहिलं.

मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. तिथे कोण बोलणार, पावती कोण सांभाळणार, पेपरवाल्यांशी कोण बोलणार, हे आधी लिहून ठेवा आणि आळीपाळीने बदला. (निम्मी भांडणं फोटोत पुढे कोण उभी होती याचीच असतात. तत्त्वं नंतर सुचतात.)

एक तांत्रिक गोष्ट. १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार जिच्या मोबाइलवरून नोंदवली, समाधान झालं का हे तिलाच विचारतात. रागाच्या भरात तिलाच समितीतून काढलंत, तर तक्रारीची दोरी तिच्या हातात राहते. तक्रारीचा क्रमांक किमान तिघींकडे लिहिलेला हवा.

रात्री अकराचा व्हॉट्सॲप

नाव घेऊन आरोप ग्रुपवर नको. फोन करा, नाहीतर घरी जा. ॲडमिन दोघी ठेवा, आणि एकटीने कुणालाही काढायचं नाही.

फूट पडलीच असेल तर

जबरदस्तीने मनोमीलन करायला जाऊ नका. अमेरिकेत मताधिकाराची चळवळ १८६९ मध्ये दोन संघटनांत फुटली. कृष्णवर्णीय पुरुषांना आधी मत मिळावं का, यावरून. एकत्र यायला १८९० उजाडलं. तुम्हाला तेवढं थांबायचं नाही. दोन गट राहू द्या. दोघींनी आपापल्या नावाने, पण त्याच एका वाक्याची मागणी लिहून, एकाच मंगळवारी आवेदनं द्या. आतमध्ये एकमेकींशी बोलायची गरज नाही. अंतराचा आकडा मात्र दोन्ही कागदांवर सारखा असावा, त्यासाठी फीत एकदाच, दोन्हीकडच्या एकेकीने मिळून लावा.